नव्या गाडीचा रंग आणि वऱ्हाडचं ऊन

बार्शीटाकळीत दसऱ्याला किंवा दिवाळीच्या पाडव्याला नवी गाडी आली, की घराच्या फाटकात शिरण्याआधी ती देवळापुढे उभी राहते. गावातच कालंका देवीचं जुनं दगडी मंदिर आहे. तिथल्या शिलालेखावर शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६ च्या सुमाराचा काळ कोरलेला आहे. पुष्कळ घरांत त्यानंतरचा पहिला फेरा शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाचा असतो. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, काचेवर हार, चाकांखाली लिंबं, समोर फोडलेला नारळ. कुंकू वाळतं, वाटेतली धूळ त्यावर बसते आणि घरातलं कोणीतरी हौसेनं कोरडं फडकं घेऊन ते पुसायला लागतं. नव्या रंगावरचे पहिले बारीक ओरखडे बहुतेक वेळा याच फडक्याचे असतात.

खरं तर त्याआधीच, अकोल्याच्या शोरूममध्ये, रंगाचा प्रश्न एकदा येऊन गेलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला, आणि पहिलीच गाडी घेणाऱ्या कुटुंबांना थोडा हात सैल करता आला. त्यामुळे विमा, सीट कव्हर, मॅट यांच्या यादीत आणखी एक ओळ सहज बसते: कोटिंग. टेफ्लॉन करायचं की सिरॅमिक, पुढं फिल्म लावायची का, खालून अँटी-रस्ट मारायचं का? गाडीच्या किमतीवर दोन दिवस घासाघीस करणारा माणूस या ओळीला दोन मिनिटांत हो म्हणतो, कारण नव्या गाडीच्या काळजीपोटी काहीतरी करायला हवं, असं त्याला मनापासून वाटत असतं. वाटणं बरोबर आहे. पैसा कुठं घालायचा, हे मात्र गावाची माती, पाणी आणि ऊन पाहून ठरवायला हवं. पुण्या-मुंबईत जे उत्तर बरोबर ठरेल ते बार्शीटाकळीला लागू पडेलच असं नाही.

गाडीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग अख्खा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहानं तो थर कानाकोपऱ्यापर्यंत चढवतात आणि १६० अंशांच्या पुढं तापलेल्या भट्टीत भाजतात. त्यावर सरफेसर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. चकाकी त्याची, उन्हापासून रंगाला वाचवायचं काम त्याचं, आणि ओरखडेही त्यालाच पडतात. डिटेलिंग म्हणून जो व्यवसाय चालतो, तो जवळजवळ सगळा या एका पातळ थराभोवती फिरतो.

जुन्या गाड्यांचं असं नव्हतं. १९२४ साली अमेरिकेत ओकलंड गाडीवर ड्यूपाँट कंपनीचं ‘ड्युको’ हे झटपट वाळणारं लॅकर आलं आणि मोटारींना काळ्याखेरीज इतर रंग स्वस्तात मिळू लागले. आपल्याकडच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात ड्युको हा शब्द अजून ऐकू येतो. प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात रंग आणि चकाकी एकाच थरात असे. काही उन्हाळे गेले की तो पांढुरका पडे आणि पॉलिश करताना फडक्यावर गाडीचा रंग उतरे. थर झिजतोय हे डोळ्यांना दिसत असे. आज क्लिअर कोट पारदर्शक असल्यानं ‘रबिंग मारून’ आणलेल्या गाडीचं काय खर्ची पडलं ते दिसतच नाही. जोरकस कंपाउंडिंगचा एक हात दोन-चार मायक्रॉन घेऊन जातो. त्या ३५-५० मायक्रॉनांतला वरचा काही भागच असा खर्च करता येतो. त्याखाली गेलं की उन्हापासूनचं संरक्षण संपत जातं.

या रंगांचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. आजची कन्साई नेरोलॅक ही कंपनी १९२० साली मुंबईच्या लोअर परळमध्ये गहागन पेंट्स या नावानं सुरू झाली आणि आता देशातल्या वाहनांच्या रंगांत आघाडीवर आहे. रंगाला रंगपण देणारी पिगमेंट बनवणारी पुण्याची सुदर्शन केमिकल १९५१ सालची. रोहा इथं तिचा कारखाना आहे आणि २०२५ मध्ये तिनं जर्मनीचा ह्युबाख समूह विकत घेतला.

एक समज इथंच दूर करायला हवा. नव्या गाडीचा रंग ‘मुरायला’ तीन महिने लागतात, तोवर वॅक्स लावू नये, असं अनेक जण सांगतात. कारखान्यातला क्लिअर कोट १४० अंशांच्या आसपास भाजून पूर्ण पक्का झालेलाच बाहेर पडतो. थांबण्याचा सल्ला लागू पडतो तो अपघातानंतर गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागाला. तिथला रंग ६० अंशांच्या बूथमध्ये किंवा नुसत्या हवेत वाळतो आणि त्यातलं द्रावक निघून जायला काही आठवडे लागतात.

आता धुळीकडे वळू. बार्शीटाकळी तालुका पूर्णा नदीच्या सखल खोऱ्याकडून दक्षिणेच्या डोंगराळ भागाकडे चढत जाणारा. खाली सगळा बेसाल्ट, वर काळी माती, उंचवट्यावर मुरूम. काळ्या मातीतली चिकणमाती तशी मऊ असते. पण रस्त्यावरची धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात दगड फोडणाऱ्या क्रशरची भुकटी असते आणि गाड्यांच्या चाकांखाली चुरडलेली गिट्टी असते. बेसाल्टमधल्या फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांची कठीणता मोहच्या मापावर सहाच्या आसपास आहे. त्याच खडकाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या गारगोटीची सात. क्लिअर कोट हे शेवटी एक प्लॅस्टिक आहे. कोणत्याही बाटलीतलं रसायन लावून ते गारगोटीहून कठीण होत नाही.

म्हणून सकाळी निघताना गाडीवर कोरडं फडकं किंवा पेट्रोल पंपावर मिळणारी झालरीची झटकणी फिरवणं ही वऱ्हाडातली रंगाला सर्वांत महाग पडणारी सवय आहे. दर वेळी हजारो कठीण कण त्या मऊ थरावरून ओढले जातात. महिन्या-दोन महिन्यांत उन्हाच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळीसारख्या गोल रेषा दिसू लागतात. काळ्या, गडद निळ्या, तपकिरी गाडीवर त्या आधी दिसतात. पांढऱ्यावर असतात, पण लपतात. धुळीची गाडी तशीच राहिली तरी रंगाचं काही बिघडत नाही. धूळ बसू द्यावी आणि पाण्यानंच काढावी. फक्त काचा, आरसे आणि दिवे रोज स्वच्छ हवेत, कारण ते सुरक्षिततेचं काम आहे.

गाडीचं कव्हरही उघड्या अंगणात हेच करतं. धुळीच्या गाडीवर चढवलेलं कव्हर उन्हाळी वाऱ्यात फडफडत राहतं आणि दिवसभर पॉलिश पेपरचं काम करतं. बंद गॅरेजात, स्वच्छ गाडीवर ते ठीक. अंगणात नको.

धुण्याची रीत साधी आहे, पण तिचा क्रम मोडून चालत नाही. आधी नुसत्या पाण्यानं वरून खाली गाडी भिजवून सैल धूळ वाहून जाऊ द्यायची. मग दोन बादल्या: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग धुवायचा, दुसऱ्या बादलीत खळबळून त्यातली माती सोडायची आणि मगच पुन्हा शाम्पूत घालायचा. छपरापासून सुरुवात, शेवटी दारांचे खालचे भाग. चाकांसाठी वेगळं कापड. जमिनीवर पडलेला मोजा त्या दिवशी पुन्हा गाडीला लावायचा नाही. कपडे धुण्याची पावडर आणि भांड्यांचा साबण दोन्ही टाळायचे. ते वॅक्स उतरवतात आणि रबर, प्लॅस्टिकचे भाग कोरडे पाडतात.

तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक गाड्या वॉशिंग सेंटरवर जातात. तिथं फोम पांढराशुभ्र दिसतो, पण खरा प्रश्न फोमनंतर फिरणाऱ्या स्पंजाचा असतो. त्याच स्पंजानं आधीची मोटारसायकल, त्याआधीचा ट्रॅक्टर धुतलेला असू शकतो. आपला मोजा आणि पुसायचं मायक्रोफायबर घरून घेऊन गेलं आणि ‘भाऊ, एवढ्यानंच पुसा’ असं सांगितलं, तर कोणी नाही म्हणत नाही. दोन-तीनशे रुपयांच्या या दोन वस्तू रंगासाठी जेवढं करतात, तेवढं त्या किमतीत दुसरं काहीच करत नाही. प्रेशरच्या पाइपाचं तोंड मात्र पत्र्यापासून फूटभर लांब ठेवायला सांगावं, विशेषतः जिथं रंगाचा टवका उडालेला असेल तिथं.

पाण्याचा प्रश्न या भागात वेगळाच आहे, आणि शहरी सल्ल्यांत तो कधी येत नाही. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या काठानं खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथलं भूजल इतकं खारट की पिण्याला आणि कित्येक ठिकाणी ओलितालाही चालत नाही. बार्शीटाकळी तालुक्याचा बराचसा भाग या पट्ट्याच्या दक्षिणेला येतो. काटेपूर्णेवरचं महानचं धरण याच तालुक्यात आहे आणि अकोला शहर त्यावर पाणी पितं. पण दक्षिणेकडच्या बोअरचं पाणीही बेसाल्टमधून आलेलं, जड असतं. उन्हात धुतलेल्या गाडीवर या पाण्याचा थेंब काही मिनिटांत वाळतो आणि त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, मीठ गोल पांढऱ्या डागाच्या रूपात मागं राहतं. उन्हाळ्याच्या शेवटी कूलरच्या ताट्यांवर जी पांढरी खरड जमते, तीच ही. ताट्या बदलता येतात. रंगावरचा डाग मात्र पुन्हापुन्हा तापला की क्लिअर कोटात रुतत जातो आणि मग पॉलिशशिवाय निघत नाही.

उपाय अवघड नाहीत. गाडी सकाळी उन्हाआधी किंवा संध्याकाळी, बॉनेट हाताला गार लागल्यावर धुवावी. पाणी अंगावर वाळू देऊ नये. धुऊन झाल्या झाल्या मोठ्या मायक्रोफायबरनं टिपून घ्यावी, घासून नव्हे. आणि शेवटचं पाणी गोड असावं. खारपाणपट्ट्यातल्या गावोगावी आता आरओचे प्लांट आणि वीस लिटरचे जार आहेत. अर्धा जार शेवटच्या खळबळीला वापरला तर डागांचा प्रश्न जवळपास मिटतो. ताजा डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून, थंड पत्र्यावर लावून, लगेच धुऊन निघतो.

उन्हाळ्यात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा गाडी धुण्याची लाज वाटावी अशी परिस्थिती असते. प्रेशर वॉशर मिनिटाला सहा-सात लिटर ओढतो आणि नुसता पाइप सोडला तर त्याहून कितीतरी जास्त जातं. अशा वेळी ‘रिन्सलेस’ प्रकारचं द्रावण कामाचं ठरतं. ते बादलीभर पाण्यात टोपणभर घालायचं, चार-पाच मायक्रोफायबर भिजवायची, एक घडी एकदाच वापरायची. आठ-दहा लिटरमध्ये छोटी गाडी होते आणि वर पाणी ओतावं लागत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बसलेला असेल तर मात्र ही पद्धत वापरू नये. तो चिखल आधी भरपूर पाण्यानंच सुटला पाहिजे.

उन्हाबद्दल वऱ्हाडात कोणाला सांगायची गरज नाही. २०२४ च्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा अकोल्याच्या जिल्हा प्रशासनाला ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू करावं लागलं होतं. हवा एवढी तापते तेव्हा उन्हात उभ्या गाडीचा पत्रा तिच्याहून कितीतरी अंशांनी जास्त तापतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेनं एक काळी आणि एक चंदेरी, एरवी सारख्याच दोन गाड्या उन्हात उभ्या करून मोजल्या. छपराच्या तापमानात २५ अंशांपर्यंत फरक निघाला आणि आतल्या हवेत पाच-सहा अंशांचा. बार्शीटाकळीतल्या माणसानं पांढरी किंवा चंदेरी गाडी निवडली, तर रंगाच्या रक्षणाचं मोठं काम बुकिंगच्या दिवशीच होऊन जातं. काळी आवडत असेल तर जरूर घ्यावी, मात्र तिला सावली हवी हे धरून.

ऊन रंगाचं दोन तऱ्हांनी नुकसान करतं. अतिनील किरण क्लिअर कोटातली रासायनिक साखळी तोडतात. ते शोषून घेणारी द्रव्यं त्यात मिसळलेली असतात, पण ती वर्षानुवर्षं खर्च होत जातात; मग छप्पर आणि बॉनेट आधी फिके पडतात आणि त्यांची साल निघू लागते. दुसरं नुकसान रोजच्या तापण्या-निवण्यानं होतं. कधीकधी दोष कारखान्यातच असतो. टोयोटाच्या काही पांढऱ्या गाड्यांवर रंगाचे पापुद्रे निघू लागले, तेव्हा कंपनीनं अमेरिकेत त्या गाड्यांच्या रंगाची हमी वाढवून दिली. ऊन वरच्या थरांतून आत पोचून प्रायमरची पकड सुटत असल्याचं कारण पुढं आलं. असा दोष मालकाच्या कोणत्याही वॅक्सनं थांबला नसता. म्हणून रंग फुगला, सुटला तर आपलीच काळजी कमी पडली असं न समजता हमीचा कागद आधी काढावा.

सावलीचा सर्वांत स्वस्त मार्ग वऱ्हाडातल्या अंगणांत आधीपासून आहे: हिरवी शेडनेट. ७५ टक्के सावलीची जाळी गाडीपासून उंच, ताणून बांधली, तर ऊन अडतं, वारा खेळता राहतो आणि पत्र्याला काही घासत नाही. टिनाचं शेड त्याहून टिकाऊ. गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची असेल, तर कोटिंगच्या पैशांतून आधी शेड उभं करावं, हे अगदी ठामपणे सांगण्यासारखं आहे. शेड पुढच्या गाडीलाही उपयोगी पडतं.

कडुनिंबाची सावली त्यामानानं जोखमीची. पक्षी बसतात आणि त्यांच्या विष्ठेचे चट्टे उठतात. त्यामागची क्रिया समजून घेण्यासारखी आहे: उन्हात क्लिअर कोट मऊ होऊन किंचित फुगतो, रात्री आकसतो आणि वर वाळून कडक झालेल्या विष्ठेचा आकार घेऊन बसतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये तो डाग संध्याकाळपर्यंतही ठेवू नये. कोरडा खरवडायचा नाही; ओलं कापड पाच-दहा मिनिटं वर ठेवून मऊ करायचा आणि उचलून घ्यायचा. झाडांवरच्या किडींचा चिकटाही असाच. कपाशीवर मावा आला की पानं चिकट होऊन चकाकतात, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. आंब्याखाली उभ्या गाडीवर तुडतुड्यांचा तसाच गोड थर बसतो आणि धुळीला धरून ठेवतो. कोमट पाणी आणि शाम्पू त्याला पुरतो.

शेतात जाणाऱ्या गाडीची आणखी एक गोष्ट. फवारणीचा पंप आणि औषधाच्या बाटल्या डिकीतून जातात-येतात. पाण्यात टाकल्यावर दुधासारखी होणारी ‘ईसी’ प्रकारची कीटकनाशकं तेलकट द्रावकात विरघळवलेली असतात. मूळ औषधाचा ओघळ रंगावर राहिला तर तो थर मऊ करतो. लगेच भरपूर पाणी आणि शाम्पूनं धुवावं. हातात मोजे घालून, हे वेगळं सांगायला नको.

रस्त्यांचं रूप गेल्या काही वर्षांत झपाट्यानं पालटलं. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरचा एक पदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनेस विक्रम म्हणून नोंद झाली. नव्या डांबराचे काळे ठिपके दारांच्या खालच्या भागावर उडतात. त्यांना पेट्रोलनं खसाखसा पुसण्यापेक्षा खोबरेल तेलाचा बोळा थोडा वेळ लावून ठेवावा, डांबर मऊ होतं. मग शाम्पूनं तेल काढावं. किंवा सरळ टार रिमूव्हर आणावा.

आता बाटल्यांचा बाजार. सर्वांत जुना उपाय वॅक्सचा. ब्राझीलमधल्या कार्नोबा ताडाच्या पानांवरचं हे मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, पण डबीत ते तेलं आणि द्रावकांत मिसळलेलं असल्यानं त्याआधीच सैल होतं. थंड प्रदेशात जो थर दोन महिने टिकतो, तो वऱ्हाडच्या मे महिन्यात काही आठवड्यांत जातो. कृत्रिम सीलंट त्यापेक्षा बरा. तीन ते सहा महिने निघतात. दोन्ही घरी लावता येतात आणि डबी वर्षभर पुरते.

टेफ्लॉन कोटिंग या नावाला आजही गिऱ्हाईक आहे. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, १९३८ साली रॉय प्लंकेट यांना सापडलेला पदार्थ. तो तव्यावर बसतो तो ३०० अंशांच्या वरच्या उष्णतेनं. गाडीच्या रंगावर नुसत्या हातानं चोळून तो तसा बसू शकत नाही. अशा पॉलिशमध्ये चकाकी असते ती सोबतच्या मेणाची आणि सीलंटची. त्यासाठी चार-पाच हजार मोजायचं कारण नाही.

सिरॅमिक कोटिंग हा मात्र खरा पदार्थ आहे. सिलिकावर आधारलेलं द्रव क्लिअर कोटावर पसरतं, वाळून एक-दोन मायक्रॉनचा घट्ट थर होतो आणि एकदोन वर्षं, चांगलं असेल तर त्याहूनही जास्त टिकतो. विष्ठा, चिकटा, शाम्पू यांच्यापुढे तो वॅक्सपेक्षा पुष्कळ टिकाव धरतो. मुख्य म्हणजे घाण कमी चिकटते, त्यामुळे गाडी थोड्या पाण्यात स्वच्छ होते. पाणीटंचाईच्या गावात हा फायदा मोलाचा आहे. पण जाहिरातीतलं ‘नाइन एच’ हे माप पेन्सिलच्या शिशाच्या कठीणतेचं आहे, खनिजांच्या मोह मापावरचं नऊ नव्हे. गारगोटीची धूळ या थरालाही ओरखडते, गिट्टी त्याला दाद देत नाही. आणि जड पाण्याच्या प्रदेशात त्याची एक अडचण आहे: पाणी ज्या गोल मण्यांसारखं जमतं म्हणून कौतुक होतं, ते मणी उन्हात जागीच वाळतात आणि ठळक गोल डाग ठेवतात. पुसून कोरडी करण्याची शिस्त नसलेल्या घरात सिरॅमिक लावलेली गाडी साध्या गाडीपेक्षा जास्त डागाळलेली दिसू शकते.

छोट्या गाडीला या कामाचे साधारण १५ ते ३० हजार लागतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे मधला दर धरला तर जवळजवळ तीन क्विंटल कापूस. ज्याची गाडी रोज उन्हात उभी राहते, ज्याला धुवायला वेळ नाही पण नीट धुण्याची शिस्त आहे, त्यानं हा खर्च समजून-उमजून करावा. शेड असलेल्या आणि महिन्यातून दोनदा गाडी धुणाऱ्या घराला वर्षातून तीनदा सीलंट पुरे आहे.

कोटिंगआधी बहुतेक ठिकाणी नव्या गाडीलाही मशीननं पॉलिश करतात. शोरूमच्या यार्डात धूळ पुसताना पडलेली जाळी काढायची असेल तर हलका हात योग्य. पण चांगला कारागीर आधी जाडी मोजतो, उजेडात पाहतो आणि जिथं गरज नाही तिथं मशीन फिरवत नाही. जो न बघता सगळ्या गाडीवर जाड कंपाउंड फिरवतो, त्याच्याकडे नवी गाडी देऊ नये.

गिट्टीला रोखणारी एकच गोष्ट आहे: पेंट प्रोटेक्शन फिल्म, बोलण्यात पीपीएफ. तिची सुरुवात व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू-दगडांपासून वाचवण्यासाठी झाली. आजची फिल्म टीपीयू या लवचीक प्लॅस्टिकची, दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाड, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगाहूनही जाड असते. दगडाचा मार ती स्वतः घेते आणि बारीक ओरखडे उष्णतेनं आपोआप भरून येतात. त्यासाठी वऱ्हाडचं ऊन पुरेसं आहे.

या फिल्ममागं एक मराठी उद्योगही उभा आहे. सांगली जिल्ह्यातल्या तासगावचे आबासाहेब गरवारे यांनी मुंबईत जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीतून धंद्याला सुरुवात केली आणि पुढं प्लॅस्टिक, पॉलिएस्टरच्या कारखानदारीत पाय रोवले. त्यांच्या समूहातली गरवारे पॉलिएस्टर, २०२१ पासून गरवारे हाय-टेक फिल्म्स, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये पीपीएफ बनवते आणि परदेशांतही पाठवते. पूर्वी ही फिल्म म्हणजे आयात मालच असे. आता ती मराठवाड्यातून येते.

किंमत मात्र पूर्ण गाडीला पाऊण लाखापासून दोन लाखांपर्यंत जाते. आठ-नऊ लाखांच्या गाडीला एवढा खर्च पटणारा नाही. शेलुबाजार किंवा कारंज्याजवळून समृद्धी महामार्गावर चढून ताशी १२० च्या वेगानं वारंवार मुंबई-नागपूर करणाऱ्यानं फक्त पुढचा भाग झाकावा: बंपर, बॉनेटची पुढची पट्टी, आरसे, दारांच्या कडा आणि हँडलखालच्या नखांचे ओरखडे पडणाऱ्या वाट्या. टीपीयूऐवजी स्वस्त पीव्हीसी फिल्म घेतली तर ती उन्हात पिवळी पडते आणि काढताना गोंद मागं ठेवते. फिल्म गाडीवरच ब्लेडनं कापत असतील तर सावध राहावं. मापानं आधीच कापून आणलेली चांगली. गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या भागावर फिल्म लावली, तर काढताना तिच्यासोबत रंगही येऊ शकतो.

खालच्या अँटी-रस्टबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत त्याला अर्थ आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, कोरड्या हवेत, कारखान्यातला प्रायमर आपलं काम करतो. पावसाळ्यानंतर चाकांच्या कमानीत आणि दारांखालच्या पाणी निघायच्या भोकांत अडकलेली काळी माती पाइपानं नीट काढली की झालं. ती माती पाणी धरून ठेवते आणि गंज तिथून सुरू होतो.

गाडी ताब्यात घेण्याचा दिवस या सगळ्याहून महत्त्वाचा आहे. ताबा दिवसाउजेडी घ्यावा, गाडी धुतलेली असावी, पण ‘पॉलिश मारून ठेवतो’ याला आधीच नकार द्यावा. वाहतुकीत किंवा यार्डात एखादा भाग घासला जाऊन पुन्हा रंगवलेला असू शकतो. जाडी मोजायचं छोटं यंत्र काही हजारांना मिळतं. डिटेलिंगवाल्याकडून तासाभरासाठी आणता येतं. धातूच्या सगळ्या भागांवर आकडा शंभर-दीडशेच्या आत असेल आणि एकाच दारावर दोनशेच्या वर गेला, तर तिथं दुसऱ्यांदा रंग बसला आहे. सही करण्याआधी विचारावं.

विम्याकडेही लक्ष हवं. साध्या सर्वंकष पॉलिसीत रंगकामाच्या साहित्याच्या खर्चावर ५० टक्के घसारा कापला जातो; झिरो डेप घेतलं तर तो कापला जात नाही. पहिली पाच वर्षं हे जोडकलम घेणं अनेकदा कोटिंगपेक्षा जास्त उपयोगी ठरतं.

कोटिंग किंवा फिल्म घेतलीच, तर तिचं वेगळं बिल घ्यावं. त्यावर पदार्थाचं नाव, थरांची संख्या आणि हमीचा काळ लिहून घ्यावा. पाच वर्षांच्या हमीत दरवर्षी पैसे भरून देखभाल करायची अट असेल, तर ती सहीआधी वाचावी. कबूल केलेलं काम झालं नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे आणि त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, ती ऑनलाइन दाखल होते, आणि २०१९ च्या कायद्यानं ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते. काम पुण्यात करून घेतलं असलं, तरी बार्शीटाकळीच्या माणसाला तक्रार अकोल्यात करता येईल.